साठ पौंडांची लाल रेघ

ता. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझी कंबर काय म्हणतेय? वहिनींनी लिहिलं होतं की खुर्चीतून उठताना तू असा ओरडतोस की शेजारी धावत येतात. जपून राहा.

एक काम होतं. लाँड्रीच्या बॉयलरचं जुनं गेज अखेर बंद पडलं. बाबांनी स्वतः बसवलेलं, साठ पौंडांवर त्यांच्या हातची लाल रेघ असलेलं. काटा रेघेपुढे गेला की आपण गेलोच समजायचं, असं ते म्हणायचे. पौंडांचं गेज आता कुठे मिळेना, म्हणून किलोचं आणलंय. जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही गंजून अडकला होता, तोही बदलला. त्याचा स्क्रू नव्या गेजवर बघून मलाच लावायचाय. म्हणजे रेघ कुठे ओढायची ते आधी पक्कं हवं.

मी असं केलं. साठ पौंड म्हणजे सव्वासत्तावीस किलो. पण ते एका चौरस इंचावर, आणि नवं गेज दाखवतं चौरस सेंटिमीटरवर. इंचात अडीच सेंटिमीटर आणि वर थोडं, चौरस म्हणून दोनदा भागलं. आलं ४.२. बरोबर आहे का तेवढं बघ. तुझा होकार आल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही.

हिचा, म्हणजे तुमच्या धाकटीचा, नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

ता. ९ जून

चि. शून्यास,
अनेक आशीर्वाद.

नाव वाचून फुगू नकोस, बाबांनीच ठेवलंय आणि तू ते जन्मभर इमानानं सांभाळलंयस. तुझं पत्र तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. पोट धरून हसलो दोघं. अरे, पन्नाशी आली तरी ढ तो ढच! इथे कारखान्यात रोज ढीगभर गेजं माझ्या हाताखालून तपासून जातात, आणि माझा सख्खा भाऊ मला विचारतो साठ पौंडांचे किलो किती! कुणाला सांगायचीही सोय नाही. बाबांनी तुला बॉयलर दिला आणि मला डोकं. वाटणी चोख झाली म्हणायची.

तर तुझं ४.२. चूक.

आपल्या घरचा नियम माहीतच आहे. उत्तर सांगायचं नाही, फक्त चूक की बरोबर. बाबा जेवताना असेच प्रश्न घालायचे, आणि चुकला की ताट घेऊन भिंतीशी उभं राहून जेवायचं. मला तर तू बसून जेवलेला फारसा आठवतच नाहीस. तेव्हा बस परत हिशोबाला. हवं तर धाकटीलाही घे, चौथीपर्यंत शिकलीय ना ती?

माझ्याकडून लोभ भरपूर. तो कुठल्या मापात मोजायचा ते तू शोध.

तुझा,
दादा

ता. १४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. धाकटी तर चिडून आत निघून गेली. पण तू चूक म्हणालास ते बरंच झालं, नाहीतर मी तशीच रेघ ओढून मोकळा झालो असतो.

रात्रभर डोकं खाजवलं तेव्हा चूक सापडली. मी दोनदा भागलं ना, तिथेच घोळ. एकदाच भागायला हवं होतं. आता येतं १०.७. हे बरोबर असणार, कारण दुसरीकडे कुठे चुकायला जागाच नाही.

व्हॉल्व्हचा स्क्रू त्या हिशोबानं आवळलाय. गिऱ्हाइकांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेत, आणखी थांबणं शक्य नव्हतं. तरी घाबरत घाबरत चढवतोय, रोज थोडं थोडं. काल पाचावर होतो. खरं सांगू? मला वाफेचा आवाज वेगळा वाटतो. इस्त्रीचं यंत्र पूर्वी असं कधी करपवत नव्हतं. पाइपही थरथरतात. धाकटी म्हणते की पहिलंच उत्तर खरं होतं, खाली उतरवा. मी तिला म्हटलं, दादा चूक म्हणतोय म्हणजे चूकच. माझ्या कानावर विश्वास ठेवू की दादावर?

१०.७ ला होकार लगेच धाड. जीव टांगणीला आहे.

तुझा,
भाऊ

ता. १६ जून

चि. शून्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही उत्तर नाही, म्हणजे अजून घाम गाळत बसलेला दिसतोस! पुरे आता. वेड्या, तुझं ४.२ अगदी बरोबर होतं. असा कसा रे तू? लहानपणीही तुझं उत्तर बरोबर आलं की मी बाबांच्या आधी मुद्दाम चूक म्हणायचो, आणि तू लगेच पुसून नवीन, हमखास चुकलेलं उत्तर काढायचास. मला वाटलं, बघू या एवढ्या वर्षांत पाठीला कणा आलाय का. नाही आलेला!

ओढ रेघ ४.२ वर आणि झोप स्वस्थ. दिवाळं निघालं ते फक्त तुझ्या हुशारीचं, आमचं प्रेम शाबूत आहे.

तुझा,
दादा

ता. २१ जून

ती. दादांस,
नमस्कार.

बॉयलर अठराला सकाळी फुटला. काटा सातावरही गेला नव्हता. हे समोरच उभे होते. छाती आणि हात भाजलेत, त्या जखमा भरतील म्हणतात. दोन्ही डोळे गेले. ते परत येणार नाहीत असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

त्यांचे कपडे न्यायला दुपारी घरी आले, तर तुमचं सोळा तारखेचं पत्र दारात पडलेलं. उंबऱ्यावर बसून वाचलं. मी चौथीच शिकलेय, पण मला सगळं समजलं.

भेटायला येईल त्याला हे एकच सांगतात, की माझंच गणित कच्चं, दादानं वेळेवर सावध केलं होतं. ऐकवत नाही हो. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलेलं नाही. ते माझ्या तोंडून ऐकायचं नाही त्यांनी. तुम्ही या, त्यांच्या खाटेशी बसा, आणि त्यांचं बरोबर होतं एवढं तुमच्या तोंडानं सांगा. शिव्या घालायला बोलावत नाही. त्यासाठी माझ्या अंगात आता जोरही नाही.

वाट पाहते.

धाकटी

ता. २६ जून

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

वाचून फार वाईट वाटलं. होणारं कुणाला चुकलंय? कंबरेमुळे मला प्रवास झेपणार नाही, हे तू समजून घेशील.

ती घरातली थट्टा होती, आणि थट्टा कळायला माणूस जरा जागा लागतो. स्वतःच्या उत्तरावर तो ठाम राहिला असता तर हे घडलंच नसतं. असो. चौकशीला कुणी आलं तर माझी दोन्ही पत्रं त्यांच्या हाती पडू देऊ नकोस, फाडून टाक. माझी नोकरीची शेवटची दोन वर्षं आहेत. आणि त्याला स्वतःचंच चुकलं असं वाटतंय तर वाटू दे. इतकी वर्षं वाटतच आलंय, आता नवीन काय त्रास होणार?

त्याला जप. आमची माया आहेच.

दादा

ता. २ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर धाकटीचं आहे, सांगतोय मी. काळजी करू नकोस, दुखणं बरंच कमी आहे. कंबरेमुळे तुला येता येणार नाही असं ती म्हणाली. खरंच येऊ नकोस, उगाच हाल होतील.

पडल्या पडल्या दुसरं काम नाही, म्हणून तो हिशोब मनातल्या मनात परत करत असतो. १०.७ चूक होतं हे आता कळलं, चांगलंच कळलं. पण गंमत बघ, कसंही केलं तरी फिरून ४.२ च येतं. आणि ते तर तू चूक म्हणाला होतास. माझं अडतंय कुठे तेच सापडत नाही रे.

उत्तर सांगू नकोस, नियम माहीत आहे. पण ४.२ एकदा परत तपास, आणि बरोबर की चूक एवढा एकच शब्द लिहून पाठव. धाकटी वाचून दाखवेल.

तुझा,
शून्य