घरात गहू बंद

४ जून, बुधवार
अवंतीला सिलिअ‍ॅक. गहू बंद, जन्मभर. नऊ वर्षांची पोर! मानेच्या सोनोग्राफीत रक्तवाहिनीची भिंतही जरा जाड निघाली. डॉक्टर म्हणाले, पथ्य कडक पाळा, सुधारू शकतं. नाहीतर पुढे हार्टला त्रास. निरुपमा रडायलाच लागली. बायकांचं हे असं. प्लांटवर पाइपांच्या भिंती मोजण्यात माझी हयात गेली, हा माझाच विषय. पथ्यप्रमुख मी.

५ जून, गुरुवार
पोळी, बिस्किटं, खाखरे हद्दपार. हिंगातही गव्हाचं पीठ असतं म्हणे! डबी फेकली. रवा प्रसादापुरता ठेवला. दत्ताला नवस बोललोय: अवंतीसाठी दर गुरुवारी स्वतः शिरा करणार. निरुपमा म्हणते, तांदळाच्या पिठाचा कर. देवाला डुप्लिकेट माल? छे! अवंतीला बोटाच्या टोकावर कणभर दिला. प्रसाद बाधत नाही. निरुपमाला बोललो नाही, उगाच टेन्शन घेते.

१८ ऑगस्ट, सोमवार
अवंतीचं पोट दुखतंय. शाळेत जाऊन टीचरना झापलं. मुलं डबे शेअर करतात! टीचर म्हणाल्या, अवंती कुणाच्या डब्याला हात लावत नाही. सगळ्याच असं म्हणतात.

६ ऑक्टोबर, सोमवार
वजन वाढेना. तव्यावर संशय. लहरीपुऱ्याच्या बाजारातून नवा आणला. निरुपमा म्हणाली, जुना मी जूनमध्येच बदललाय. मग अबोला. चांगलं करायला जावं तर हे! शिऱ्यात तूप वाढवतो.

३ डिसेंबर, बुधवार, रात्री
रिपोर्ट आले. अँटिबॉडी जवळजवळ तिथेच, भिंतीची जाडीही तशीच. डॉक्टर म्हणाले, क्यांक घऊं जाय छे, भाई. कण पण नहि चाले. म्हटलं, गहू कुठून जातोय, शोधून काढतोच. सगळे डबे उपसले. काही नाही. आता कुणाला झापू? फार भीती वाटतेय. उद्या दत्तजयंती, शिरा दुप्पट करतो.

४ डिसेंबर, गुरुवार
आरती झाली, बोट पुढे केलं. अवंती मागे सरकली. म्हणाली, बाबा, आज नको ना, दर गुरुवारी खाल्ल्यावर दुखतं. मग इतके दिवस बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तू डोळे मिटून माझंच नाव घेतोस ना, नाही म्हटलं तर तुला किती वाईट वाटेल.

निरुपमा दारात उभी होती. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. माझा हात धरून नळाखाली नेला आणि साबण लावून ते बोट धुतलं. मी धुऊ दिलं.