भिंतीपलीकडचे नाव

देवास, सोमवार, ४ मार्च १९०७
पहाटे प्रार्थना. दिवा लावला नाही. डोळे मिटायचेच, तर तेल कशाला जाळा. आभार: डोक्यावरचे छप्पर, कणगीतली ज्वारी, ह्यांची मिशनशाळेतली मास्तरकी. जाऊबाईंबद्दलही आभार मानायचे ठरवले होते. जमले नाही.
आमेन म्हणायच्या आत पलीकडे जाते सुरू. मुद्दाम. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा थोरल्या दिरांनी घरात मधोमध भिंत घातली, पण आढ्याखाली वीतभर फट राहिली. त्यांचे दळण मला, माझी प्रार्थना त्यांना. सुटका कोणाचीच नाही.

बुध. ६
यमूच्या अंगावर देवी निघाल्या. जाऊबाईंची धाकटी. भिंत झाल्यावरही परसातून चोरून यायची, माझ्या हातची दशमी खायची. "काकू, आईला सांगू नको हं." मला मूल नाही, ते जाऊबाई मला विसरू देत नाहीत.
लस टोचणारा आला तेव्हा पोरीला कणगीमागे दडवून ठेवले होते. मी बोलले तर म्हणाल्या, "तुझा देव तुला, माझी लेक मला."

गुरु. ७
यमूसाठी प्रार्थना. धारच्या मिशनबाईंनी मला मॅट्रिक करवले तसे हेही शिकवले: दुसऱ्यासाठी मागायचे तर नाव घेऊन, मोठ्याने. नाव घेतले आणि जाते मध्येच थांबले.
दुपारी परसात जाऊबाई. "काळोखात बसून माझ्या पोरीचं नाव घेतेस? दिवासुद्धा न लावता?"
म्हटले, तेल वाचवते.
"तेल! करणी करणाऱ्यासुद्धा काटकसर करतात वाटतं."
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे. तेव्हा माझ्या मनात काय आले ते इथे लिहीत नाही.

शनि. ९
आजही नाव घेतले. दूधवाली म्हणाली, "बाईसा, छोरी को नाम मती लो. माता बैठी है घर में." मी कशाची ऐकते.
फोडणी मात्र बंद केली आहे. देवीला वास चालत नाही म्हणे. देवीसाठी नाही, कटकट नको म्हणून. ह्यांनी बिनफोडणीची आमटी निमूट खाल्ली, मग म्हणाले, "मनातल्या मनात मागितलंस तर? प्रभू काही बहिरा नाही."
म्हटले, तुमच्या वहिनीही नाहीत.

रवि. १०
थोरले दीर उंबरठ्याबाहेर उभे. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "पोरीला काही झालं तर तुम्ही दोघं या घरात राहायचं नाही. आणि हिला सांग, त्या तोंडानं तिचं नाव नको."
वळले. मग तिकडे तोंड करूनच, "पाणीसुद्धा गिळवत नाही तिला."


सोम. ११
दिवा लावला. घ्या, जाळले तेल. यमूचे नाव गाळले. आभारही धड सुचेनात, ज्वारीपाशी अडले. पलीकडे जात्याचा आवाज नाही.
दशमी रोजच्यासारखी एक जास्तीची थापली. येईल, येईल म्हणून थापते आणि संध्याकाळी मीच खाते. ती टाकून का द्यायची.

मंगळ. १२
दिवा. नाव नाही. आमेन म्हणून उठत होते, तर फटीतून जाऊबाईंचा आवाज, घसा बसलेला.
"झालं तुझं?"
हो, म्हटले.
"काल नाव घेतलं नाहीस. आजही नाही."
तुम्हीच तर म्हणालात—
"कधी माझं ऐकलंस? देव बदललास तेव्हा ऐकलंस? आणि आता बरं ऐकायला लागलीस."
मला वाटले गेल्या.
"घे. आणि तो दिवा शांत कर. फटीतून तिच्या डोळ्यांवर येतो."
दिवा शांत केला. पुन्हा बसले. पलीकडे कोणी भिंतीला टेकून बसले, बांगड्या वाजल्या. इतकी वर्षे मोठ्याने म्हणत आले आणि नेमका आवाज फुटेना.
"थांबलीस का?"
यमुना, म्हटले. पुढे काय मागितले आठवत नाही.
पीठ भिजवायचे आहे. एक जास्तीचीच.