सुशीला उंच झाली

गुरुवार, ५ जुलै १९६२
मी सांगते, सून सुशीला लिहिते. तिनं माझ्याविरुद्ध काही घातलं तर मला वाचता यायचं नाही.
पावसामुळे होड्या वर ओढल्यात. नारळी पौर्णिमेनंतर मालवणच्या मासळी बाजारात माझी जागा धरायचीच. पहिल्या दिवशी जी बसत नाही, तिच्या जागेवर शेजारीण सरकते. माझी शेजारीण काशीबाई. तिला सरकायची भारी हौस.

सोमवार, ९ जुलै
पाठ दुखते. बुरडानं मासळीची पाटी वाकडी विणली, दुसरं काही नाही. शिंकं कुणीतरी वर बांधलंय. सुशीला म्हणते, मी नाही. लुगडं पायात येतं. हल्ली गिरणीवाले पन्हा मोठा ठेवतात.
सुशीलाही लग्नानंतर उंच झाली. माझ्या हातचं खाऊन.

शनिवार, २१ जुलै
शिंक आली. कण्यात कटकन वाजलं.
डॉक्टर म्हणाले, हाडं आतून विरलीत, मणका दबलाय. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांचं असं होतं, हाड मोडेपर्यंत कळतही नाही. मी म्हटलं, आमच्या रांगेतल्या सगळ्याच म्हाताऱ्या जमिनीकडे बघत चालतात, त्या सगळ्या काय आजारी? म्हणाले, असतीलही. पाटी डोक्यावर घ्यायची नाही. दूध प्या.
दूध चहाला पुरत नाही. आणि डॉक्टरला कुठे मासे विकायचेत.

शुक्रवार, १० ऑगस्ट
प्रॅक्टिस सुरू. रिकामी पाटी डोक्यावर, एक हात पडवीच्या खांबाला. उत्तम जमलं. खांब सोडायचा तेवढा राहिलाय.
सुशीला म्हणाली, आये, तुमी घरात बसा, बाजारात मी जातंय. मी म्हटलं, तुझ्याच्यानं धंदा व्हायचा नाही, तू गिऱ्हाइकाला मासळी कालची असली तर कालची म्हणून सांगतेस.

शुक्रवार, १७ ऑगस्ट
पहिली मासळी आली. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो. सुशीलानं माझ्या डोक्यावर ठेवली, पण हात काढीना. सोड म्हटलं, तरी सोडीना. मग मीच म्हटलं, चुंबळ नीट नाही, उतरव. आजच्या दिवस तू जा. काशीबाईला सरकू देऊ नकोस.
तिला पाटी द्यायला एक कड मी धरली. माझी कड तिच्या खांद्याशीच अडली. ती उंबरठ्याजवळ गुडघे टेकून बसली, तेव्हा पाटी चढली.
संध्याकाळी आली, पाटी रिकामी. जागा राहिली. काशीबाईनं विचारलं म्हणे, म्हातारी कधी येतली?
सुशीला खाली बसली ते लिहू नकोस, असं मी सांगितलंय.
पेन्सिल चालूच आहे.