बाबांच्या दंडारीतली गाणी

२८ नोव्हें., पुसद
चर्चासत्राचं पत्र आलं. माझा निबंध स्वीकारला. यवतमाळ, १४ डिसें., दुसरं सत्र, वेळ दहा मिनिटं. स्टाफरूममध्ये कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. अकरावीच्या तासाला पोरींना सांगून टाकलं.

सरांना (पीएच.डी.चे मार्गदर्शक) फोन. म्हणाले, दंडार म्हणजे काय ते पहिल्याच वाक्यात सांगा, बाहेरगावचे प्राध्यापक असतील. लिहिलं: दिवाळीच्या सुमारास गावात नाचून-गाऊन होणारा खेळ, त्यात बायकांची सोंगं पुरुषच लुगडं नेसून घेत. बाबांची तीस वर्षं एका वाक्यात बसली. बरं नाही वाटलं.

५ डिसें., मुकुटबन
बाबांचं शेवटचं रेकॉर्डिंग. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. पण पदर सावरायला हात उचलला की खाटेवर बाई बसलेली दिसते.

सासरच्या वाटी बाई कापूस फुटला दाट
येचू येचू थकले हात, सरंना ही वाट

दुसऱ्या ओळीला अडले. मायनं भाकरी थापता थापता आतून सांगितली. बाबांनी ती उचलून पुढे म्हटलं. मी टिपलं: 'घरच्यांनाही पाठ.'

प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण या गाण्यांवर उभं आहे, निबंध त्यातलाच. 'पुरुषाने कल्पिलेली स्त्री'. गाणी बाबाच रचत, असं सगळं गाव सांगतं. बाबांनी कधी नाही म्हटलं नाही.

शाळेत मला 'लुगडंवाल्याची पोरगी' म्हणायचे. आठवीत असताना बाबांशी भांडले होते, दंडार सोडा म्हणून. त्या वर्षी ते खेळाला गेले नाहीत. हे निबंधात येत नाही. इथे असू दे.

बाबा यवतमाळला यायला तयार. माय नाही. ‘कापूस फुटून राह्यला, मी कायले येऊ?’

१३ डिसें., यवतमाळ
बाबा वणीवरून एकटे एस.टी.नं आले. नवं धोतर, टोपीला इस्त्री. पिशवीत मायनं दिलेली चटणी-भाकर. संध्याकाळी मी निबंध वाचून दाखवला. ऐकलं. ‘लय मोठं केलंस बाई,’ एवढंच. नंतर बराच वेळ टोपीची घडी घालत बसले. थकले असतील.

१४ डिसें.
नीट, क्रमानं लिहिते.

हॉल भरलेला. बाबा दुसऱ्या रांगेत. मी नऊ मिनिटांत संपवलं. मग बाबांना पुढे बोलावलं. गुडघ्यांमुळे नाचता येईना, पण चार पावलं चालून दाखवली. धोतरातला म्हातारा, आणि चाल पाणी आणायला निघालेल्या बाईची. लोक टाळ्या विसरले, मग खूप वाजवल्या.

प्रश्नोत्तरं. अध्यक्षस्थानी एक वयस्कर प्राध्यापिका होत्या, बाहेरच्या विद्यापीठाच्या. त्यांनी विचारलं, ‘येचू येचू थकले हात’ ही ओळ पुरुषाची वाटत नाही, रचणाऱ्याबद्दल तुमची खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. गावातल्या बारा जणांच्या मुलाखती आहेत.

बाबा परत जागेवर बसले होते. ते उठले. माइक घेतला नाही.

‘गाणे माहे नाहीत जी. हिच्या मायचे हायेत. ती कापूस येचता येचता जोडे, मी पाठ करो. बायका दंडारीत चढत नव्हत्या. मी तिचं लुगडं बी नेसलो, अन् तिचं गाणं बी म्हटलं. लोक मले शाबास म्हणत, मी ऐकून घेतलं.’

माझ्या हातात चाळीस पानांचं प्रकरण, आणि ते तिथल्या तिथे खोटं झालेलं. आधी राग आला, तो कबूल करते. एवढ्या वर्षांत मला का नाही सांगितलं. मग लक्षात आलं, मी बारा जणांना विचारलं, मायला एकदाही नाही.

मी माइकवर म्हणाले, माझा निष्कर्ष चुकीचा आहे, तो मी मागे घेते. अध्यक्षबाई बाबांकडे बघत म्हणाल्या की आजच्या दिवसातलं खरं संशोधन आत्ता झालं. माझे बाबा. चार शिकल्या-सवरल्या माणसांसमोर उठून स्वतःची शाबासकी परत करणारे. छाती भरून येणं म्हणजे काय ते

पुढे लिहवत नाही.

१६ डिसें., पुसद
सर नाराज. प्रबंध फेब्रु.त द्यायचा आहे. म्हणाले, चौथ्या प्रकरणाला आता हात लावू नका, हे पुढे पुस्तकात घ्या. मी म्हटलं, खोटं आहे हे माहीत असून सही कशी करू? मुदतवाढीचा अर्ज टाकते. मिळेलच असं नाही, असं तेच म्हणाले. तरी अर्जाचा मजकूर त्यांनीच दुरुस्त करून दिला.

२१ डिसें., मुकुटबन
माय बाबांशी सहा दिवस बोलली नाही. ‘एवढे वर्सं झाकून ठेवलं अन् तिथं जाऊन सांगून आले.’ बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत मुकाट. मी रेकॉर्डर काढला तर तिनं त्यावर फडकं टाकलं.

मग तिच्याबरोबर वावरात गेले. दोन तास कापूस वेचला, बोटं फाटली. तिसऱ्या तासाला ती आपणहून गुणगुणायला लागली. फोन कापसासाठी कमरेला बांधलेल्या ओट्यात ठेवून रेकॉर्ड केलं, आणि तिला तसं सांगितलं. ती थांबली नाही.

संध्याकाळी: ‘गाणे घे. नाव नोको टाकू. लोक म्हंतीन, बाईनं नवऱ्याले नाचवलं.’

बाबा पहिल्यांदा बोलले. ‘म्हणू दे. खरंच हाये ते.’

माय हसली. सहा दिवसांनी.

१० जाने., मुकुटबन
अठरा गाणी झाली. बाबांना त्यातली अकराच येतात. उरलेली सात लग्नाआधीची, माहेरच्या वावरातली. ती तिनं त्यांनाही कधी दिली नव्हती. आज ते खाटेवर बसून शाळकरी पोरासारखे ऐकत होते, एका ठिकाणी तिनं त्यांचा सूर दुरुस्त केला.

मुदतवाढीचं उत्तर नाही.

नावाचा विषय मायनंच काढला. लग्नात तिचं नाव बदललं, माहेरची सखू इथे कमल झाली. ‘टाकशीन त कोणतं टाकशीन?’ मी म्हटलं, तुला कोणतं हवं? तिनं हातातलं बोंड उलटून पाहिलं.

‘मले हे कोणी इचारलं नोयतं. थांब जरा. कापसाचा शेवटचा येचा होऊ दे, मंग सांगीन.’

लॅपटॉपवर नव्या प्रकरणाचं पहिलं पान उघडलं. ‘रचना:’ टाइप केलं. पुढची जागा मोकळी ठेवली आहे.