बोथट सुरी

वॉगा, ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? डॉक्टरला शिव्या देताय म्हणजे बराच असणार. माझं मात्र बरं नाही. मांसाच्या कारखान्यातला आमचा मुकादम डन्स्टन हात धुऊन मागे लागलाय. मी धार लावून ठेवलेली सुरी तो मुद्दाम बोथट करतो आणि ती घसरून माझं बोट कापलं की सगळ्यांसमोर ‘राजकुमारी’ म्हणून खिदळतो. चहाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसत नाही. शेवटी मी कामगार आयोगाकडे अर्ज केलाय. त्यात भरपाई नसते. छळ थांबवा, एवढाच हुकूम मिळतो. अट एक, मी त्याच नोकरीत असायला हवी. म्हणून दात आवळून टिकून आहे.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
ट्रूडी

बर्क, ११ मार्च

चि. ट्रूडीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. दुसऱ्याची सुरी बोथट करणारा माणसात जमा नाही. पण पोरी, आपल्यात कुणी वर जाऊन चुगल्या करत नाही. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये कुणी वाकडं बोललं की मी हत्यारं गुंडाळून सरळ चालू लागायचो. मुकादम हाका मारत मागे यायचा. तूही ॲप्रन टेबलावर फेक आणि घरी ये. तुझी खोली तशीच आहे, फक्त कुत्रा झोपतो तिथं. हुकुमाबिकुमाचं काय घेऊन बसलीस?

वाट बघतोय.
तुझा बाप,
मर्व्ह

वॉगा, २ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण अंगठ्याला टाके पडले त्या दिवशी तुमचंच रक्त उसळलं. ॲप्रन फेकला आणि निघाले. मागून कुणी हाक मारली नाही, बाबा. डन्स्टन हसत दार धरून उभा होता.

आयोगानं अर्ज फेटाळला. मी तिथं कामालाच नाही, तर थांबवायचं काय? फार रडले.

माझ्या जागी आता लोसा आहे. टोंगा बेटांवरून आलेली, अगदी गरीब स्वभावाची. परवा माझ्याकडे आली होती. तिचीही सुरी बोथट होतेय. तिनं अर्ज केलाय आणि माझी साक्ष हवी म्हणते. मी हो म्हटलं. तुम्ही याला चुगली म्हणाल, तर म्हणा. तिचा निकाल लागेपर्यंत मी घरी येणार नाही. तिला बजावलंय, काहीही झालं तरी काम सोडायचं नाही, आणि बापाचं तर मुळीच ऐकायचं नाही.

तरीही तुमचीच,
ट्रूडी