डावी बाजू माझी

९ ऑक्टोबर

पोहोचलो. वॉटर पोलोचा तलाव नवा, दिवे फारच पांढरे. संध्याकाळच्या सरावात लांबून आलेले चार चेंडू खाल्ले — चारही डावीकडून. सर म्हणाले, "प्रवासाचा शीण." मी मान डोलावली. शीण कसला डोंबलाचा! डावा डोळा गेले तीन महिने कडेचं काही दाखवतच नाही. चष्म्याने सुटणारी गोष्ट नाही, असं डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला. हे फक्त बायकोला ठाऊक आहे. मी सदतीस वर्षांचा. पंधरा वर्षं देशाची लाल टोपी घालून गोलात उभा आहे. विभागीय पात्रता स्पर्धेचे चार सामने निघाले की सांगून टाकीन. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० ऑक्टोबर

पहिला सामना. आधी पंचांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांची नखं तपासली, हातांची आणि पायांचीही. "माझी कितीही वाढू द्या, बाकाला कुठं ओरखडे पडतात!" — मास्तर. हा आमचा दुसरा गोलरक्षक, शाळेत गणित शिकवतो. सहा वर्षं टोपी कोरडीच घरी नेतो आहे. सगळे हसले, मीही हसलो. नंतर बरं वाटेना.

जिंकलो, ११-७.

११ ऑक्टोबर

आजही जिंकलो. डोळा नीट वागला!

१३ ऑक्टोबर

हरलो. एका गोलने, आणि तो गोल माझा.

लांबून मारणाऱ्याच्या समोर आमचा बचावपटू लंबू जातो, पाण्यात पाय मारत एक हात उंच धरतो. कुठला हात, ते मी मागून ओरडून सांगतो. "उजवा!" म्हणजे उजवी बाजू त्याच्या हाताची, डावी माझी. इतकी साधी वाटणी. आज मी "उजवा" ओरडलो, त्याने उजवा वर केला आणि चेंडू डावीकडून आत. मला दिसला तो थेट जाळीत!

माझी हाक बाकापर्यंत पोचत नाही. सर लंबूवरच उखडले — "हात कुठं होता तुझा? झोपला होतास?"

"उशीर झाला, सर. माझं चुकलं."

असं का म्हणाला? माझी लाज राखायला? मी टॉवेलात तोंड खुपसून बसलो.

१४ ऑक्टोबर

पंधराजण आलोय, सामन्याला तेरा लागतात. उद्याच्या यादीत लंबू नाही. उद्या जिंकलो तर मुख्य स्पर्धा, नाहीतर घर.

खोलीची भिंत पातळ. पलीकडे तो फोनवर — "नाही खेळवत गं मला उद्या. असू दे ना आई, रडतेस काय!" मला स्वतःची किळस आली.

बायकोला फोन केला. "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार आहेस? सांग आणि मोकळा हो!" फटकन ठेवूनही दिला.

१५ ऑक्टोबर, सकाळ

सांगितलं. नाश्त्याच्या टेबलावर, उभ्याउभ्याच. "सर, परवाचा गोल माझा. मला डावीकडचं दिसत नाही."

सर कपात चमचा फिरवत राहिले. साखर कधीच विरघळली असेल.

"आधी का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"मलाही वाटली असती," म्हणाले, आणि नवी यादी लिहायला बसले. लंबू परत आत. गोलात मास्तर! तो बाथरूममध्ये गेला तो वीस मिनिटं बाहेर येईना. मी बाकावर. वाईट वाटतंय, पण कित्येक महिन्यांनी भूक लागली.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

८-९. संपलं.

मास्तरला बोल लावायला जागा नाही. जिवाच्या आकांताने खेळला. पण तीन गोल एकाच तऱ्हेने गेले. तो ओरडायचा "उजवा!", लंबूचा उजवा हात वर जायचा, पण अंग मात्र हातभर डावीकडे सरकायचं. उजवीकडे खिंडार. सर ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते — "लंबू, जागा!" तो भानावर यायचा, परत यायचा, पुढच्या फटक्याला पुन्हा सरकायचा.

मास्तरच्या डाव्या बाजूला काय झालंय? काही नाही! लंबू माझी झाकत होता. अंगवळणी पडलं होतं त्याच्या. आणि परवा सरकायला त्याला खरंच उशीर झाला होता.

बाकावर हे एकट्या मला कळलं. कोणाला काय सांगणार?

१६ ऑक्टोबर

विमानतळावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "कधीपासून?" म्हटलं. काय कधीपासून, हे त्याने विचारलं नाही.

"दोन वर्षं झाली, दादा. डावीकडचे चेंडू तुला उशिरा दिसायला लागले तेव्हापासून. मला वाटलं, तुला माहीत आहे."