वेदिका मॅडमच्या टपालाबद्दल

अंबड, नाशिक
बुधवार

प्रिय सुनीलभाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमची पाठदुखी आता बरी असेल, आणि नसेल तर खुर्ची बदला, डॉक्टर नको. मी ठीक आहे. गुडघे आपापल्या मर्जीने चालतात. हे पत्र कागदावर लिहिते आहे, कारण गेल्या वेळची माझी मेल तुमच्या संगणकाने रद्दीत टाकली होती. (संगणकाचा दोष नाही. त्यात मी सात वेळा ‘तातडीचे’ लिहिलं होतं.)

मूळ गोष्ट अशी. तुमचे दादा गेल्यावर तुम्ही सर्व्हर बदललात तेव्हा त्यांचं जुनं टपाल पुसलं गेलं. तुम्ही त्याची पुरेशी माफी मागितली आहे, तो विषय संपला. पण नंतर गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, की पाठवलेलं पत्र ‘असा कोणी इथे नाही’ म्हणून परत येतं. मग तुम्ही अशी सोय केलीत, की आपल्या कंपनीच्या पत्त्यावर कोणत्याही अनोळखी नावाने पत्र आलं तरी ते माझ्याकडे यावं. आणि आलं. वजन कमी करायच्या गोळ्या आल्या, लॉटऱ्या आल्या. छापील मजकूर वाचल्याशिवाय टाकायचा नाही ही माझी जुनी खोड, त्यामुळे मी सगळं वाचलं. परदेशातल्या एका विधवा बाईने लिहिलं होतं, की नवरा गेला आणि संपत्ती पडून आहे. मी तिला धीराच्या दोन ओळी लिहिल्या. तिने लगेच बँकेचा खातेक्रमांक मागितला. मी कळवलं, बाई, आधी वर्षश्राद्ध तरी होऊ दे.

तुम्ही फोनवर म्हणालात, “वहिनी, सर्व्हरचा उकिरडा झालाय, रविवारी मी हे बंद करतो.” तेव्हा मी हो म्हटलं. पण सोमवारी धनराज, ओम आणि वेदिका यांच्या नावाने पत्रं आली.

आपल्या शेडमध्ये या नावाचं कोणी कधी नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. मला नव्हतं. एकटा माणूस कांदा निवडायची यंत्रं बनवतो म्हटलं की व्यापारी डोक्यावर बसतात, म्हणून ह्यांनी माणसं निर्माण केली होती. धनराज खरेदी बघायचा. ओम सवलत नाकारायचा. आणि तक्रारी ऐकायला वेदिका मॅडम. तिघंही हेच. घरात आमटीला मीठ कमी पडलं तर अख्ख्या गल्लीला कळवणारा हा माणूस, आणि वेदिका मॅडम लिहितात, “साहेब, यंत्र दमलं की आवाज करतं. तेल घाला आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.” (माझ्याजवळ बसायला ह्यांना टीव्हीवरच्या जाहिरातींपुरताच वेळ असायचा.)

हे मला कळलं ते आपलं जुनं गिऱ्हाईक, नामपूरच्या कारभारी शेठमुळे. ते नवीन पत्र लिहीत नाहीत. जे जुनं पत्र अंगठ्याखाली येईल त्यालाच उत्तर देतात, त्यामुळे खाली ह्यांचा मजकूर शेपटीसारखा लागून येतो, दर वेळी वेगळा. सोमवारी त्यांनी लिहिलं होतं, “मॅडम, आमच्या हर्षलचं बघतोय. पोरगा चांगलाय, पण राग लय येतो. तुम्ही मशीन शांत करता तसं त्यालाबी कराल. घरच्यांचा नंबर द्या.” आणि खाली शेपटीत वेदिका मॅडम: “उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. मालकीणबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना वाचल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आमचे साहेब रोज पुस्तक वाचून दाखवतात. कुरकुर करतात, पण त्यांना ते आवडतं. सांगू नका.”

भाऊजी, ते वाचून दाखवणं मला आठवतं. मधली पानं गाळायचे. मी पकडलं की म्हणायचे, तिथे काही नव्हतं. ह्यांना ते आवडत होतं हे मला नामपूरहून कळलं.

तेव्हा रविवारी काही बंद करू नका. गोळ्या आणि लॉटऱ्या मी हाताने काढीन. ‘असा कोणी इथे नाही’ हे उत्तर या घरातून जायला नको.

तुमची,
ज्योत्स्नावहिनी

ता. क. कारभारी शेठना वेदिकाच्या नावाने कळवलं, की माझं लग्न खरेदी विभागातल्या धनराजशी ठरलं आहे. त्यांनी आहेर म्हणून कांद्याची गोणी पाठवली. अर्धी तुमची, येऊन घेऊन जा.

आणखी एक. नामपूरला काल नवी चाळणी गेली. तिचा एक बोल्ट मी मुद्दाम इथे टेबलावर ठेवून घेतला आहे. शेठ तक्रार करतील. बोल्ट मी लगेच पाठवीन, पण आधी शेपटीसकट पत्र येऊ दे.